घर बाहेर, कडी आत

धामणगाव बढ्यात एखाद्याच्या दाराची कडी आतून पडली अन् माणूस बाहेर राहिला, तर तो सुताराकडे जात नसे. सुतार आधी दाराकडे पाही, मग आभाळाकडे, अन् म्हणे, फोडा लागते. मग माणूस मुकाट झुंबरबाईच्या मळ्याची वाट धरी. झुंबरबाई वांग्याच्या वाफ्यातून उठे, चिखलाचे हात लुगड्याला पुसे अन् चालता चालता विचारी, कडी हाय का पट्टी, दार नवं का जुनं, घरात कोन झोपलं, अन् झोपनारा जेवून झोपला का पेऊन.

एवढ्या चौकशीत तिचं अर्धं काम आटपे. उरलेल्या अर्ध्याला लागणारं सामान त्याच घराच्या अंगणात पडलेलं असे. खराट्याची काडी, तुराटी, फुटक्या डब्याचा पत्रा, सुपाची कांब, सुतळी. स्वतःच्या घरून ती खिळासुद्धा नेत नसे. ज्याचं दार त्याचाच कचरा, असा तिचा शिरस्ता. सुधाकर मास्तर एकदा न्हाणीत गेले अन् मागून वाऱ्यानं घराचं दार लागलं. मास्तर ओल्या पंच्यात, अन् कुडापलीकडून शाळेत निघालेली पोरं. झुंबरबाईनं त्यांच्याच पंच्याची एक दशी धरून ओढायला घेतली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, कारण दशी निघता निघता पंचा किती उरेल याचा त्यांना भरवसा नव्हता. दार उघडलं तेव्हा मास्तर कमरेशी दोन्ही हात धरून जे आत पळाले ते बाईचे आभार मानायला दुसऱ्या दिवशीच बाहेर आले.

ही विद्या तिला सासूनं दिली. खरं म्हणजे सासूच्या झोपेनं दिली. नवी नवरी असताना झुंबरबाई भर उन्हात मेथीच्या जुड्यांचं ओझं घेऊन घरी येई, तर दार आतून बंद अन् सासूचं घोरणं रस्त्यापर्यंत. हाका मारल्या की आळी जागी होई, सासू होत नसे. एके दिवशी ओसरीवर बसल्या बसल्या तिनं तुराटी सोलली, दाराच्या फटीत सारली अन् सहज वर केली. आतली लोखंडी पट्टी खट्टकन उठली. झुंबरबाई आत गेली, पट्टी होती तशी पाडली, चूल पेटवली अन् भाकरी थापायला बसली. थापण्याच्या आवाजानं म्हातारी जागी झाली. दार बंद, पट्टी जागच्या जागी, अन् सून चुलीपुढं. म्हातारीनं बोंब मारून अंगारा मागवला. पुढं कितीतरी दिवस ती सुनेला नावानं हाक मारत नव्हती. "अवो तुमी, जेवता काय?" असं दुरून विचारायची. झुंबरबाईनं खरी गोष्ट सांगितली नाही. कोणती सून सांगेल?

पण अशा गुणाला एक कुसळ असतंच. कडी उघडताना घरधनी शेजारी उभा पाहिजे, अन् दार उघडलं की आपण उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचं, एवढं ती पाळायची. तरी कोणाच्या शिंक्यावरचं लोणी गेलं की मालकीण म्हणे, "बोकाच असन बापा, नाहीतं झुंबरबाई." हसत म्हणे. पण म्हणे.

हे हसणं झुंबरबाई पचवी. तिच्या थोरल्या जावेला, गीताबाईला, ते पचत नसे. गीताबाईची पोरगी प्रेमला लग्नाला आली तेव्हा तर अजिबातच नाही.

प्रेमलाला बीबीचं स्थळ मिळालं. लांबचं, पण बाजाराचं गाव, खातंपितं घर, अन् नवरा मुलगा उद्धव दिसायला बरा. नवरीसोबत पाठराखीण म्हणून तिची मावशी जायची होती. मावशीला ऐन वेळी कावीळ झाली. दुसरी कोण, असा विचार सुरू होतो न होतो तोच प्रेमलानं तोंड फुगवलं, काकू येईन तं मी जातो, नाहीतं मांडवातच बसतो. लहानपणापासून ती काकूच्याच मागं मळ्यात फिरलेली.

गीताबाईनं मग झुंबरबाईला चुलीजवळ नेलं अन् तिच्या हातात भाकरी ठेवली.

"घे भाकरीची आन. बीबीत कोन्या कडीले हात लावजो नको."

"अवो जाऊबाई, मी काय तिथं कड्या उघडाले चालली काय?"

"तुह्या हाताले खाज हाय, मले माईत हाय. तिथची मानसं आपल्याले वयखत नाहीत. उद्या म्हनतीन, नवरीची काकू घरं उघडते. पोरीले जलमभर ऐका लागीन."

यात खोटं काही नव्हतं. झुंबरबाईनं आन घेतली अन् भाकरी खाऊन टाकली.

महाराष्ट्राचं राज्य येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण मेहकरच्या पुढल्या रस्त्याला अजून त्याची खबर पोचलेली नव्हती. वराडाचा ट्रक प्रत्येक खड्ड्यात उतरून विचारपूस करून वर येई. नवरदेवाच्या हातातली कट्यार अन् तिच्या टोकाला खोचलेलं लिंबू सांभाळता सांभाळता सगळे घामाघूम झाले. उन्हं कलायला लागली तेव्हा ट्रक बीबीत शिरला. ट्रकमधल्या भटजींनी पुन्हा एकदा बजावलं की दिवेलागणीच्या आत नवरीचं पाऊल घरात पडलं पाहिजे, पुढची वेळ बरी नाही.

घर पाहून झुंबरबाईची नजर आधी दारावर गेली. सवय. सासरे अर्जुनराव यांनी लग्नासाठी पुढचं अन् मागचं अशी दोन्ही दारं नवी करून घेतली होती. मलकापुराहून आणलेलं सागवान, वर तेलाचा हात. वराड उतरायच्या आधीच अर्जुनराव व्याह्यांकडल्या पाव्हण्यांना दाराचीच ओळख करून देत होते, सुनेची नंतर झाली. आतून पुढच्या दाराला भिंतीत सरकणारी जाडजूड आगळ, अन् मागच्याला लोखंडी पट्टी, ओढलं की आपोआप आकड्यात पडते, हात लावा लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. झुंबरबाईनं न ऐकल्यासारखं केलं अन् सगळं ऐकलं.

आता रीत अशी की नवरी दारात आली म्हणजे नवरदेवाची बहीण आतून दार अडवते. नवरीनं उखाण्यात नाव घ्यायचं, नवरदेवानं कबूल करायचं की आपल्याला पोरगी झाली तर ती बहिणीच्या पोराला देऊ, मग दार उघडायचं. उद्धवची बहीण आशाबाई. तिला शेगावला दिलेली. तिनं आगळ सरकवल्याचा आवाज बाहेर सगळ्यांनी ऐकला. आतून बायांचं हसणं, खुसखुस, बांगड्या. प्रेमलानं पदर सावरला अन् नाव घेतलं.

"बैलाच्या गयात घुंगराची माळ, उद्धवरावचं नाव घेते, काढा आता आगळ."

बाहेर वाहवा झाली. आतून काही नाही. लोक म्हणाले, आशाबाई खट आहे, एकावर भागायची नाही. प्रेमलानं दुसरं घेतलं, मेथीच्या वाफ्याचं अन् पाटाच्या पाण्याचं. आत चिडीचूप. मग उद्धवच्या पाठीत कोपरखळ्या बसल्या, तू बोल रे, पोरगी कबूल कर. उद्धव लाजत दाराला म्हणाला, पोरगी देईन. दार बोललं नाही. तो म्हणाला, दोन झाल्या तर दोन्ही देईन. लोक लोटपोट. कोणी म्हणालं, शेतही लिहून दे. प्रेमलाचे पाय ट्रकात आखडून गेलेले. तिनं तिसरं नाव घेतलं त्यात मंजुळपणा काही उरलेला नव्हता.

"एक होती पायरी, दोन होते दगड, उद्धवरावचं नाव घेते, पाय दुखले, दार उघड."

यावर सगळ्यात मोठ्यानं जी बाई हसली, ती झुंबरबाईच्या अगदी मागं उभी होती. जरीचं लुगडं, नाकात नथ, हातात ओवाळणीचं तबक. हसता हसता तिनं झुंबरबाईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. झुंबरबाईनं सहज विचारलं, तुमी कोन बाई? ती म्हणाली, मी आशा, नवरदेवाची बहीन.

"अन् दार कोन अडवून राह्यलं?"

आशाबाईचं हसू तोंडातच थांबलं.

झालं होतं असं. आशाबाईनं आगळ सरकवली खरी, पण तिनं अजून नवरी पाहिलेलीच नव्हती. ती शेगावहून परभारे माहेरी आलेली. बाहेर नवरी नाव घेते, सगळं गाव पाहते, अन् आपण सख्खी नणंद असून अंधारात आगळ धरून उभं राहायचं, हे काही तिला सोसेना. एकवार पाहून येऊ म्हणून ती मागच्या दारानं निघाली, अन् भिंतीला वळसा घालून गर्दीत शिरली. ती गेली म्हणून तिच्या मागं चुलतबहिणी गेल्या. त्या गेल्या म्हणून स्वयंपाकाच्या बाया पीठभरल्या हातानं गेल्या. आजेसासू अंबूबाई काठी टेकत गेली. सगळ्यात शेवटी सासू सुभद्राबाई निघाली. एकटीच काय घर राखू, म्हणाली, अन् लाडवाच्या परातींना कुत्रं तोंड लावील म्हणून तिनं जाता जाता मागचं दार ओढून घेतलं. पट्टी आपोआप आकड्यात पडली. हात लावावा लागला नाही.

म्हणजे पुढं आगळ, मागं पट्टी, दोन्ही आतून, अन् आत मुंगीसुद्धा नाही. नवरी तेवढा वेळ रिकाम्या घराला उखाणे घालत होती, अन् उद्धवनं न झालेल्या दोन पोरी सागवानाच्या फळीला देऊन टाकल्या होत्या.

गर्दीला हे कळलं तसा जो हशा उसळला, त्यानं वाजंत्रीवाले दचकून पुन्हा वाजवायला लागले. सगळं वराड मागच्या दाराकडं धावलं. नवरी तेवढी पुढच्या पायरीवर, कारण तिला तिथून हलवायचं नाही असं भटजी म्हणाले.

मागच्या दाराशी पुढारपण आलं जावयाकडं. आशाबाईचा नवरा रंगराव शेगावच्या एका दुकानात मुनीम होता, त्यामुळं सगळ्यातलं कळायचं त्याचं कामच होतं. त्यानं उद्धवच्या हातातली कट्यार घेतली अन् फटीत खुपसली. झुंबरबाई दुरून पाहत होती. तिला दिसत होतं की चौकटीला सुतारानं खाच ठेवली आहे, फट सरळ जाऊन मग आडवी वळते, कट्यार तिथंच अडणार. कट्यार तिथंच अडली. रंगरावानं जोर लावला तसं टोकाचं लिंबू चेपलं अन् पिचकारी त्याच्या डोळ्यात गेली. तो एका पायावर गिरक्या घेऊ लागला. मागून कोणीतरी म्हणालं, जावईबापू, नाचाची वेळ नंतर हाय.

मग विळा आला, तो वाकडा. डब्याचा पत्रा आला, तो आत जाऊन दुमडला अन् तिथंच राहिला. बाशिंगाची तार निघाली, ती पट्टीला टेकली अन् मऊ पडली. झुंबरबाईच्या हाताला खरंच खाज सुटली. तिनं हात पाठीमागं धरले अन् पदराआडून एका बाईला हळूच म्हणाली, पत्रा वरतून नाही, खालतून घाला म्हना. बाईनं रंगरावाला सांगितलं. रंगराव लाल डोळ्यानं म्हणाला, "दार उघडायचं काम बायांचं नाई."

शेवटी कोणीतरी दार फोडायला लोखंडी सब्बल आणली. अर्जुनराव दाराला पाठ लावून आडवे झाले. म्हणाले, आधी मला फोडा, मग माझं सागवान. शिवाय नवरी यायच्या वक्ताला दार फोडणं म्हणजे काय, हे का कोणाला सांगावं लागतं?

उन्हं भिंतीच्या टोकावर गेली होती. हशा हळूहळू ओसरला. अन् त्या ओसरलेल्या हशात म्हातारी अंबूबाई काठीवर हनुवटी टेकून बोलली. मोठ्यानं नाही, पण घरातल्या सगळ्यात जुन्या बाईला मोठ्यानं बोलावं लागत नाही.

"माझी हयात गेली या घरात. कधी असं झालं नाई. नवी पायरीवर आली अन् घरानंच दार लावून घेतलं. पायगुन म्हनायचा दुसरं काय."

झुंबरबाईनं आजूबाजूला पाहिलं. दोन-तीन बायांनी एकमेकींकडं पाहिलं होतं. एक पुढच्या अंगणाकडं चालूही लागली होती, अन् ती काय घेऊन चालली होती ते झुंबरबाईला नेमकं माहीत होतं. दिवा लागेपर्यंत हे गावभर होणार. पुढं म्हैस आटली तरी प्रेमलामुळं, अन् ताक नासलं तरी प्रेमलामुळं. लोणी बोक्यानं नेलं की लोक काय म्हणतात, हे झुंबरबाईइतकं कोणाला ठाऊक होतं?

ती पुढच्या अंगणात गेली. प्रेमला पायरीवर तशीच उभी. तोंडावरचं सगळं हसू पुसून गेलेलं. बातमी तिच्यापर्यंत आली होती.

"काकू, घरानं मले पायूनच दार लावलं काय?"

"घराले डोये असतेत काय वं पोरी?" झुंबरबाई म्हणाली. "तुह्या सासूनं लावलं. कुत्र्याच्या भेवानं."

"मंग तू काऊन उभी हाय? उघड ना."

"तुह्या मायनं भाकरीची आन घातली."

 प्रेमलानं नाक तेवढं एकदा ओढलं. झुंबरबाईनं भाकरीचा अन् पोरीचा हिशेब मनात मांडून पाहिला, तो फार वेळ चालला नाही. भाकरी पोटात जाऊन जिरली होती. पोरगी समोर उभी होती.

ती वळली अन् रुखवताच्या गाठोड्यातून नवं कोरं सूप ओढून काढलं. त्याच्या कडेची बांबूची कांब तिनं दातानं सोडवली. आशाबाईनं पायरीशी ठेवून दिलेल्या तबकातल्या निरांजनातलं तेल बोटानं कांबेला चोळलं, अन् चालता चालताच ती कांब अंगठ्यावर वाकवत गळासारखी वळवत आणली. मागच्या दाराशी गर्दी होती तिथं जाऊन म्हणाली, सरका.

लोक सरकले ते नवलानं. अर्जुनरावही उठून बसले.

झुंबरबाईनं फटीला गाल लावून एक डोळा मिटला. मग म्हणाली, "पट्टी भारी हाय, कांब वाकीन. मले दोरा पाहिजे. बारीक पन पक्का. सुतळी जात नाही आत. रेशमी करगोटा हाय काय कोनाच्या कमरेले?"

बाप्ये जमिनीकडं पाहू लागले. बीबीत बहुतेकांच्या कमरेला सुताचे जाड करगोटे, अन् ज्याच्या कमरेला रेशमी असेल त्याला तो आज सोडायचा नव्हता, कारण लंगोट त्याच्याच आधारानं होता. तेवढ्यात आशाबाई बोलली.

"यांचा रेशमी हाय. शेगावच्या बाजारातून मीच आनला."

सगळ्यांच्या माना रंगरावाकडं वळल्या. रंगरावानं बायकोकडं अशा नजरेनं पाहिलं की एरवी ती माहेरीच राहती. पण दार तिच्यामुळं लागलेलं, अन् हे सगळ्यांना माहीत. तो कडब्याच्या गंजीमागं गेला. थोड्या वेळानं गंजीवरून एक काळा गोफ उडून आला. त्याच्यामागून रंगराव आला, दोन्ही हातांनी धोतर पोटाशी घट्ट धरून, अन् सरळ जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्या जागेवरून तो पुढं बराच वेळ हलला नाही.

झुंबरबाईनं कांबेच्या टोकाला गोफ बांधला. कांब पट्टीच्या वरच्या अंगानं फटीत सारली. तेलानं ती खाचेत सापासारखी वळली, पट्टीला वळसा घालून खालच्या अंगाला आली. तिथं गोफाचं टोक दिसलं न दिसलं तोच झुंबरबाईनं अंबाड्यातला आकडा उपसला अन् टोक बाहेर ओढलं. आता गोफाची दोन्ही टोकं तिच्या हातात अन् पट्टी मधल्या झोळीत. एवढा वेळ तिचं तोंड चालूच होतं, हळू बाई, चाल माय, ऊठ आता, पाव्हने आले तुह्या घरी. ती पट्टीशी बोलत होती की आपल्या हाताशी, कोणाला कळलं नाही. मग तिनं दोन्ही टोकं वर ओढली.

खट्ट.

दार दोन बोटं आत गेलं. आत लाडवाचा वास. बायांनी टाळ्याच पिटल्या. झुंबरबाईनं पटकन पाय दारात घातला, पट्टीचा काय भरवसा, अन् उंबऱ्यावर बसकण मारली. घरात मात्र गेली नाही. नवरीच्या आधी परक्याचं पाऊल आत कसं पडावं? घरची लेक आशाबाई तिला ओलांडून आगळ काढायला पळाली.

टाळ्या थांबल्यावर जे व्हायचं ते झालं. सुभद्राबाईनं तिच्याकडं पाहत विचारलं, "हे कुठं शिकल्या हो विहीनबाई?"

झुंबरबाईला वाटलं, आता आलं. खोटं सुचेना, म्हणून खरं बोलली.

"सासू दुपारच्याला दार लावून झोपे. मी उन्हात."

 स्वयंपाकाच्या बायांमधली एक फिसकन हसली. दुसरी म्हणाली, माझी अजून झोपती. मग कोण कोणाची सासू किती अन् कशी घोरते याचा असा गलका झाला की सुभद्राबाईला हसताना स्वतःच्या सासूकडं पाहायची चोरी झाली.

ती सासू म्हणजे अंबूबाई, काठी टेकत येऊन झुंबरबाईच्या शेजारी उंबऱ्यावर बसली. इकडं तिकडं पाहून कानाशी आली.

"दुधाच्या खोलीला बी अशीच पट्टी हाय. सुभद्रा कुलूप लावत नाई, नुसतं दार ओढून घेती, अन् भोकातून पट्टी उचलायचा आकडा कनवटीला ठेवती. दही आत अन् मी बाहेर. मला दावशील का, कसं केलं ते?"

झुंबरबाईनं म्हातारीकडं नीट पाहिलं. तोंडात दात चारच, पण डोळ्यात साखर घोळलेली.

"दावतो ना आजी. पन पायले समोर जाऊन बोला."

"काय बोलू?"

"पायगुनाचं बोलल्या ना तुमी. ते माघारी घेऊन या. जेवढ्या लोकात बोलल्या त्याच्याहून जास्त लोकात. पोरगी पायरीवर उभी हाय."

अंबूबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग दाराच्या फटीत लोंबणाऱ्या गोफाकडं पाहिलं. दही जड झालं. ती उठली.

पुढचं झुंबरबाईनं पाहिलं नाही, पाय दारात होता. फक्त ऐकलं. पुढच्या अंगणात काठी दगडावर आपटली, अन् म्हातारीचा तो हळू आवाज यावेळी चांगला खणखणीत निघाला.

"ऐका रे, मी मघाशी बोलले ते चुकून बोलले. घरानं दार लावलं नाई. घर रिकामं झालं! लेक आगळ सोडून धावली, सून लाडू सोडून धावली, मी म्हातारी काठी टेकत धावले, या पोरीला पाहायला. या घरात सुना लई आल्या. मी बी आले. माझ्यासाठी कोनी चुलीवरून उठलं नव्हतं. आशे, काढ आगळ."

आतून आशाबाई ओरडली, "आधी नाव घ्या म्हनावं. मी आता कुठं आत आले."

बाहेर पुन्हा खदखदलं. चौथ्यांदा प्रेमलाचा आवाज आला, त्यात आता हसू इतकं होतं की उखाणा अर्ध्यातच सांडला अन् नाव तेवढं उरलं. आगळ सरकली. उंबऱ्यावरचं माप लवंडलं, तांदूळ फरशीवर सर्रकन पसरले, अन् त्यावरून हलकी पावलं आत आली. भिंतीशी उभ्या रंगरावानं तेवढ्यात दबक्या आवाजात विचारलं की आता गोफ सुटेल काय. झुंबरबाई म्हणाली, थांबा जावईबापू, लक्ष्मी आत येऊन राह्यली.

त्या राती अंबूबाईनं प्रेमलाला आपल्या पानाशी बसवून घेतलं, अन् झुंबरबाईनं दोन लाडू जास्त खाल्ले.

चार दिवसांनी मांडवपरतणीला पोरीला माहेरी न्यायचं होतं. पाठराखणीनं नव्या नवरीला न्यायचं म्हणजे पोरगी घाईनं गाडीत येऊन बसते, मागं वळून पाहत नाही, रस्त्याला लागलं की काकूच्या गळ्यात पडून रडते, अशी रीत. झुंबरबाई मोटारस्टँडापर्यंत सोडणाऱ्या बैलांच्या दमणीत पदर हाताशी घेऊन तयार बसली. बराच वेळ बसली. आतल्या खोलीतून सासू, नणंद अन् आजेसासू यांच्यात प्रेमलाचं खिदळणं ऐकू येत होतं, अन् मधूनच एखादी बारीक कांब कट्टकन मोडल्याचा आवाज. गाडीवान जू धरून ताटकळला होता. झुंबरबाईनं पदर खाली केला.

"बैलं सोड बापू," ती म्हणाली. "आमची पोरगी अजून हासूनच राह्यली."